इमेसीचा दवाखाना आणि आईजवळचा कागद

कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला वसंत व्याख्यानमालेत बोलावले, तर त्याने संप, बोनस नाहीतर महागाई भत्ता यांवर बोलावे अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. आम्ही मात्र आज पश्चिम आफ्रिकेतल्या एका डोंगरी गावातल्या लहान मुलांच्या दवाखान्याची हकीकत सांगणार आहोत. या विषयाकडे आम्ही महागाई भत्त्याच्याच वाटेने आलो, हे प्रथम सांगून टाकतो. १९४५ साली नायजेरियात रेल्वे व इतर सरकारी खात्यांतल्या कामगारांनी महागाई भत्त्यासाठी देशव्यापी संप केला. मायकेल इमुडू या रेल्वे कामगारांच्या पुढाऱ्याचे नाव त्या संपाशी कायमचे जोडले गेले आहे. त्या लढ्याविषयी वाचता वाचता नायजेरियावरची आणखी पुस्तके हाती येत गेली, आणि त्यांतच डॉक्टर डेव्हिड मोर्ले यांचे नाव भेटले. आमची शाळा गिरणीसंपाच्या वर्षात सुटली. पुढे जे काही शिकलो ते संघटनेच्या कचेरीतल्या कपाटाने आणि सार्वजनिक वाचनालयाने शिकवले. तेव्हा वैद्यकातले जाणते म्हणून आम्ही बोलत नाही. दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट पाहत बसणाऱ्यांच्या बाजूने आम्ही हा इतिहास वाचला, आणि त्याच बाजूने तो सांगणार आहोत.

नायजेरियाच्या नैर्ऋत्येस योरुबा लोकांचा मुलूख आहे. जुनी मोठी गावे, प्रत्येक गावाचा आपला राजा, आणि बाजारपेठेवर बायकांची हुकमत. इलेशा हे त्यांतलेच एक जुने शहर. भोवतालच्या शेतीत कोकोचे पीक मोठे. कोकोला भाव आला की शाळा निघायच्या, घरांवर पत्रे चढायचे, भाव पडला की सावकाराची वाट धरायची; आपल्याकडे कापसाचे आणि कांद्याचे जे होते तेच. १९५५ साली त्या पश्चिम प्रांताच्या सरकारने प्राथमिक शिक्षण मोफत केले, ही त्या काळातली मोठी गोष्ट. इलेशात मेथडिस्ट मिशनचे एक रुग्णालय विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून चालत आले होते. इंग्लंडमधल्या मेथडिस्ट तरुणांच्या मंडळाने त्याला पैसा पुरवला, म्हणून त्याचे नाव वेस्ली गिल्ड रुग्णालय. इलेशाच्या उत्तरेला डोंगरात इमेसी-इले नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस योरुबा राज्यांत सोळा वर्षे जे युद्ध चालले त्याची छावणी याच टापूत होती. तोफांच्या आवाजावरून लोकांनी त्या युद्धाला किरीजी असे नाव दिले. १८८६ साली तह झाला, तोही येथेच. इतिहासाच्या पुस्तकात इमेसीला जागा मिळाली ती त्या तोफांमुळे. आमच्या मते त्या गावाची खरी कीर्ती त्यानंतर सत्तर वर्षांनी आलेल्या एका तराजूची आहे.

मिशनच्या दवाखान्यांविषयी आपल्या मनात एक अढी असते. औषधाच्या बाटलीबरोबर धर्मही पाजतील, ही शंका आपल्या वडीलधाऱ्यांना होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. परंतु मिरजेच्या मिशन रुग्णालयात ज्यांच्या आजीचे डोळे उघडले, त्यांना दुसरी बाजूही ठाऊक आहे. इलेशालाही ही दुहेरी गोष्ट लागू होती. राज्य इंग्रजांचे, मिशन इंग्रजांचे, डॉक्टर इंग्रज. हे नजरेआड करून पुढची हकीकत सांगितली तर ती निव्वळ स्तुतिपाठ होईल.

आता मुलांकडे वळू. योरुबा भाषेत ‘आबिकू’ असा एक शब्द आहे. जे मूल मरण्यासाठीच जन्मते, मरते, आणि त्याच आईच्या पोटी पुन्हा येते ते आबिकू. अशा मुलाला थोपवून धरण्यासाठी त्याचे नावच अर्जासारखे ठेवतात. ‘मालोमो’ म्हणजे पुन्हा जाऊ नकोस. ‘दुरोजाये’ म्हणजे थांब, जगाचे सुख बघ. ‘बांजोको’ म्हणजे माझ्याजवळ बस. ‘कोकुमो’ म्हणजे आता हा मरत नाही. ही नावे वाचताना आम्हाला आमच्या चाळीतले धोंडू, दगडू आणि केरू आठवले. आधीची दोन-तीन गेली की पुढच्याला धोंडा म्हणायचे, केर म्हणायचे, म्हणजे काळाची नजर त्याच्यावर पडणार नाही. एक समाज मुलाची विनवणी करतो, दुसरा काळाला फसवू पाहतो. दोन्हीकडे आईने पुरलेली मुले तेवढीच. नावांची ही रीत ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालते, तेथे बालमृत्यूचे आकडे काढण्यासाठी सरकारी अहवालाची वाट पाहावी लागत नाही. हजेरीपट वाचला तरी पुरते.

डॉक्टर मोर्ले १९५६ साली इलेशाला आले. वय तेहतीस. रुग्णालयाच्या दारात रोज सकाळी काय दिसे? पाठीशी मूल बांधलेल्या बायांची रांग. कोणाला ताप, कोणाला हगवण, कोणाचा खोकला थांबत नाही, कोणाच्या पायावर सूज. एक डॉक्टर आणि शेकडो मुले. डॉक्टरने एकेका मुलाला दोन मिनिटे द्यायची, बाटली द्यायची, आणि तेच मूल महिन्याभराने दुसऱ्या आजाराने परत यायचे, किंवा यायचेच नाही. मलेरिया, गोवर, डांग्या खोकला, हगवण, न्यूमोनिया आणि या सगळ्यांच्या तळाशी भूक, एवढ्या पाच-सहा गोष्टींनीच बहुतेक मुले मरत होती. त्यांतल्या एकाही रोगाला विलायतेहून येणाऱ्या मोठ्या तज्ज्ञाची गरज नव्हती. गरज होती ती वेळेवर, घराजवळ, आणि पुन्हा पुन्हा पाहणाऱ्या डोळ्यांची.

त्या काळच्या वसाहतींत एक चमत्कारिक पद्धत होती. निरोगी बालकांसाठी ‘बालकल्याण’ केंद्रे असत. तेथे वजन करायचे, आईला उपदेश करायचा, टोचायचे. आजारी मुलाला मात्र तेथे मज्जाव. त्याने रुग्णालयाच्या रांगेत जावे. रुग्णालयात औषध मिळे, पण वजन कोणी करीत नसे आणि उपदेशाला वेळ नसे. विलायतेत ही वाटणी कदाचित चालत असेल. ज्या बाईला मूल पाठीवर घेऊन कित्येक मैल चालत यायचे आहे, शेताची किंवा बाजाराची एक दिवसाची कमाई बुडवायची आहे, तिला ‘तुझे मूल आज आजारी आहे, हे केंद्र त्यासाठी नाही’ असे सांगणे म्हणजे तिला पुन्हा येऊ नको असे सांगणेच होय. सरकारी खिडक्यांपुढे ज्यांनी आयुष्य काढले त्यांना हा अनुभव सांगायला नको. या खिडकीचे काम त्या खिडकीवर, आणि त्या खिडकीची वेळ संपलेली.

मोर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही भिंतच पाडली. पाच वर्षांखालच्या सर्व मुलांसाठी एकच दवाखाना. मूल आजारी असो वा धडधाकट, तेथेच यायचे. तेथेच वजन, तेथेच औषध, तेथेच लस, तेथेच खाण्यापिण्याची बोलणी, आणि हे सगळे एकाच खेपेत. मूल पाहणार कोण? नर्स. शक्यतो दर खेपेला तीच नर्स, म्हणजे आईला ओळखीचा चेहरा मिळे आणि नर्सला मुलाचा मागचा इतिहास ठाऊक असे. स्थानिक मुलींना शिकवून तयार करण्यात आले. नर्सने ठरावीक आजार ओळखायचे, ठरावीक थोडीच औषधे वापरायची आणि जे तिच्या आवाक्याबाहेर आहे तेवढेच डॉक्टरकडे धाडायचे. त्या वेळच्या अनेक डॉक्टरांना हे पटण्यासारखे नव्हते. नर्सने रोगाचे निदान करावे आणि पेनिसिलिनची सुई टोचावी, हा त्यांना आपल्या धंद्यावर घाला वाटे. आम्ही संघटनेत काम करतो, तेव्हा हद्दीच्या भांडणाचा आम्हाला पुरेपूर परिचय आहे. फिटरचे काम हेल्परने केले की फिटर चिडतो, आणि पुष्कळदा त्याचे चिडणे बरोबर असते, कारण मालकाला त्यात मजुरी वाचवायची असते. परंतु जेथे फिटर मुळातच नाही, आणि यंत्राच्या जागी रडणारे मूल आहे, तेथे हा न्याय लावता येत नाही. राहिला मजुरीचा प्रश्न. तो आम्ही विसरलेलो नाही, त्याकडे पुढे येऊ.

१९५७ पासून इमेसी गावात जन्मलेल्या मुलांचा जन्मापासून पाच वर्षांपर्यंत मागोवा घेण्याचे काम सुरू झाले. येथे एक अडचण उभी राहिली. मूल किती महिन्यांचे, हे आईला सांगता येईना. आपल्याकडेही जुन्या बायका म्हणत, पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला, नाहीतर पुराच्या साली झाला. वय ठाऊक नाही तर वजन कमी की जास्त हे कसे ठरवायचे? मोर्ले यांनी सण, सुगी आणि गावातल्या ठळक घटना यांचा हिशेब लावून जन्माचा महिना काढण्याची रीत वापरली, आणि तो महिना एका तक्त्याच्या पहिल्या चौकटीत लिहायचा असे ठरवले. पुढच्या चौकटींत क्रमाने पुढचे महिने. मग वय मोजायची गरजच उरली नाही. ज्या महिन्यात मूल आले त्या चौकटीच्या वर वजनाचा ठिपका द्यायचा, झाले.

या तक्त्याविषयी थोडे सविस्तर सांगणे अवश्य आहे. जाड कागदाचे एक कार्ड. त्यावर वाढीच्या दोन वक्र रेषा आखलेल्या, एक वर, एक खाली. त्या दोहोंमधली जागा म्हणजे आरोग्याचा रस्ता. मुलाचे ठिपके जोडले की एक तिसरी रेषा तयार होते. ती रस्त्याने वर वर जात असेल तर ठीक. ती आडवी झाली तर मूल वाढायचे थांबले. खाली वळली तर धोका. मूल दुसऱ्याच्या मुलापेक्षा हलके आहे की जड आहे, याला फारसे महत्त्व नाही. त्याची स्वतःची रेषा कोणत्या दिशेला चालली आहे ते पाहायचे. उपासमारीने मुलाच्या पायावर सूज येते, केस तांबूस पडतात, तोंड गोल दिसू लागते, तेव्हा कोणालाही कळते. पण त्याच्या कितीतरी आठवडे आधी रेषा आडवी झालेली असते, आणि तेव्हा डोळ्यांना काहीही दिसत नसते. कार्डाच्या एका कोपऱ्यात ‘विशेष लक्ष’ देण्याची कारणे लिहायची जागा होती: जन्मतः वजन कमी, आई किंवा बाप नाही, आधीची भावंडे गेलेली, जुळे. योरुबा लोकांत जुळी मुले जगात सर्वांत अधिक जन्मतात, हे येथे सांगितले पाहिजे. म्हणजे ती नोंद किती कार्डांवर पडत असेल याची कल्पना येईल.

आता या सगळ्यातली जी गोष्ट आम्हाला सर्वांत मोठी वाटली ती सांगतो. हे कार्ड दवाखान्याच्या कपाटात ठेवायचे नाही, प्लास्टिकच्या पाकिटात घालून आईजवळ द्यायचे, असे ठरले. जाणत्यांनी मान हलवली. निरक्षर बाई, मातीचे घर, पाऊस, उंदीर, चूल. कागद आठ दिवस टिकायचा नाही. प्रत्यक्षात घडले उलट. आयांनी ती कार्डे जपली, आणि दवाखान्याच्या फायलींपेक्षा बरी जपली. का जपणार नाहीत? ज्या घरात सरकारचा कागद म्हणजे कराची पावती किंवा कोर्टाचे बोलावणे, तेथे आपल्या मुलाच्या नावाचा, आपल्याच हाती दिलेला, आणि महिन्या-महिन्याला आपल्यासमोर वाढत जाणारा हा पहिला कागद होता. पुढे मोर्ले यांनी स्प्रिंगचा एक साधा काटा प्रचारात आणला. मूल टांगले की स्प्रिंग ताणते आणि तिच्यामागे लावलेल्या कार्डावरच वजनाची जागा दाखवते. दर्शकाच्या भोकातून पेन्सिलीचे टोक घालून ठिपका आईनेच द्यायचा. आकडा वाचता येण्याची सुद्धा जरुरी उरली नाही.

भुकेचा मुद्दा निघाला आहे तर सिसिली विल्यम्स या बाईंचा उल्लेख केला पाहिजे. जमैकात जन्मलेल्या या डॉक्टरीणबाई आजच्या घानात वसाहतीच्या नोकरीत होत्या. सुजलेल्या, तांबूस केसांच्या मुलांचा आजार त्यांनी १९३३ साली नोंदवला आणि १९३५ साली त्याला तिथल्या बायांचाच शब्द दिला, क्वाशिओरकोर. गा भाषेतल्या या शब्दाचा आशय असा की, पाठचे भावंड आल्यावर वरच्या मुलाला जडणारा आजार. रोगाचे कारण त्या शब्दातच आहे. अंगावरचे दूध तुटते आणि पुढे नुसती पेज उरते. योरुबा घरांत ही पेज मक्याची, तिला ‘ओगी’ म्हणतात. पोट भरते, पण अंग धरत नाही. इमेसीच्या दवाखान्यात नर्स काय सांगत? विलायती डब्याचे दूध घ्या असे नव्हे, तर तुमच्याच बाजारातला भुईमूग आणि तुमच्याच शेतातली चवळी कुटून पेजेत घाला, असे. डब्याचे दूध विकणाऱ्या कंपन्यांनी पुढे गरीब देशांत जो धंदा मांडला आणि त्यावर सत्तरच्या दशकात जगभर जे रान उठले, ते ठाऊक असलेल्यांना या साध्या सल्ल्याची किंमत कळेल.

यानंतर गोवराकडे येतो, आणि येथे आम्हाला थोडे घरचे सांगावे लागेल. १९७९ सालच्या उन्हाळ्यात आमची धाकटी बहीण गेली. तिला तिसरे लागले होते, आम्ही नऊ वर्षांचे होतो. चाळीत गोवराची साथ होती. दारावर कडुलिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, डॉक्टरी औषध वर्ज्य, असे सगळे रीतीप्रमाणे झाले. पुरळ मावळले, आईने देवीची ओटी भरली, आणि सुटलो असे सर्वांना वाटले. मग हगवण लागली. ती थांबे, पुन्हा लागे. तोंड आलेले, भात तोंडात घेईना. दोन महिन्यांनी एका मोठ्या दवाखान्यात नेली तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, इतके दिवस काय करत होता? पुष्कळ वर्षे आमच्या घरात ती ‘हगवणीने गेली’ असेच बोलले जाई.

मोर्ले यांचे गोवरावरचे विवेचन वाचले तेव्हा आमच्या हातून पुस्तक खाली ठेवले गेले. इंग्लंडमध्ये गोवर म्हणजे आठवडाभर शाळा बुडवण्याचा आजार. इलेशात त्यांनी पाहिला तो निराळा. पुरळ काळपट होऊन कातडी सोलून निघायची, तोंडात फोड, डोळे जायचे, फुफ्फुसे सुजायची, आणि पुरळ गेल्यावर हगवण. इमेसीच्या तक्त्यांवर हे स्पष्ट उमटले. वर जाणारी रेषा गोवराच्या महिन्यात एकदम खाली कोसळायची आणि पूर्वीच्या जागी यायला तिला कित्येक आठवडे, कधी महिने लागायचे. त्या पडत्या काळात दुसरा कोणताही साधा आजार मुलाला न्यायला पुरे. मृत्यूच्या नोंदीत मग हगवण लिहिली जाई किंवा न्यूमोनिया. मूळ गोवर, हे त्या तक्त्यावाचून कोणाला कळले नसते. आमच्या बहिणीची रेषा कोठे वळली असेल ते आम्हाला त्या पानावर बोट ठेवून दाखवता आले असते.

त्याच सुमारास अमेरिकेत जॉन एंडर्स यांच्या प्रयोगशाळेत गोवराची लस तयार होत होती. तिचे बीज १९५४ साली एडमन्स्टन नावाच्या एका शाळकरी मुलाकडून मिळाले होते. लशीचे वृत्त वाचून मोर्ले यांनी एंडर्स यांना लिहिले की, गोवराने मुले मरतात ती येथे, येथे या. एंडर्स यांचे सहकारी सॅम्युएल कॅट्झ लस घेऊन १९६० साली नायजेरियात आले, आणि इमेसीच्या परिसरातल्या मुलांना ती टोचली गेली. कित्येकांना ताप आला, पण लशीने काम केले. त्या वेळपर्यंत तिचा अनुभव मुख्यतः अमेरिकेतल्या थोड्या मुलांपुरताच होता.

येथे आम्हाला दोन प्रश्न छळतात, आणि ते आम्ही श्रोत्यांपुढे ठेवतो. ज्या आयांनी मूल पुढे केले त्यांना ही नवी वस्तू आहे, हिची परीक्षा चालू आहे, हे कितपत उमगले असेल? मिशनच्या दवाखान्यावरचा विश्वास हीच त्यांची संमती. तो विश्वास मोर्ले यांनी तीन-चार वर्षे रोज काम करून मिळवला होता, हे खरे; पण विश्वास हा कोणाच्याही हाती द्यायचा कोरा धनादेश नसतो. दुसरा प्रश्न फळाचा. अमेरिकेत ही लस १९६३ साली बाजारात आली. पश्चिम आफ्रिकेत तिची मोठी मोहीम देवीच्या लशीबरोबर १९६७ साली अमेरिकेच्या पैशाने निघाली, आणि काही वर्षांनी पैसा आटताच गोवर परतला. आपल्या देशाच्या सार्वत्रिक लसीकरणात गोवराची लस आली १९८५ साली. म्हणजे इमेसीच्या मुलांनंतर पंचवीस वर्षांनी. १९७९ हे साल या दोहोंच्या मधले आहे. या पंचवीस वर्षांचा जाब एका कोणाला विचारता येत नाही, आणि आम्ही विचारत नाही. पण ज्या मुलांच्या दंडावर लशीची पारख झाली त्यांच्या भावंडांचा नंबर शेवटी का लागतो, हे कोड्यात टाकणारे नाही. कारखान्यात कापड विणणाऱ्याच्या घरात धडका सदरा नसतो, त्यातलाच हा प्रकार.

इमेसीत काय साधले? मुलांचे मरण कमी झाले. पुढे शेजारच्या ओके-मेसी गावाशी तुलना केली गेली, तेव्हा पाच वर्षांखालची मुले इमेसीत त्या गावापेक्षा बरीच कमी मरतात असे आढळले. दोन्ही गावे एकाच मुलखातली, तीच माती, तीच पेज. मोर्ले १९६१ साली परत गेले आणि लंडनच्या बालआरोग्य संस्थेत शिकवू लागले. १९६५ पासून स्वस्तात शिक्षणसाहित्य पुरवणारी एक संस्था त्यांनी चालवली. मीठ-साखरेच्या पाण्याचे माप दाखवणारा दुतोंडी प्लास्टिकचा चमचा तिच्यातूनच जगभर गेला. १९७३ साली त्यांचा बालआरोग्यावरचा मोठा ग्रंथ निघाला. १९७९ साली निघालेल्या दुसऱ्या पुस्तकावर त्यांच्या नावासोबत मार्गारेट वुडलंड यांचे नाव आहे. या बाई इलेशातल्या नर्स. योरुबा नर्सेसची नावे मात्र मुखपृष्ठावर आली नाहीत. इलेशाचे रुग्णालय १९७५ साली सरकारने ताब्यात घेतले आणि ते पुढे इफे विद्यापीठाच्या रुग्णालयांत सामील झाले. मोर्ले २००९ साली वारले.

कार्डाने मात्र जग पाहिले. जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा पुरस्कार केला आणि नाना देशांत ते छापले गेले. त्यावरच्या रेषा प्रथम अमेरिकन मुलांच्या मापाच्या होत्या. २००६ साली नवे माप निघाले, त्यात भारत आणि घाना येथली मुलेही मोजली गेली. आपल्याकडे जामखेडला रजनीकांत आणि मेबेल आरोळे १९७० साली आले. त्यापूर्वी वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात त्यांनी तेच पाहिले होते जे इलेशाच्या दारात दिसे: बरा केलेला रोगी तोच आजार घेऊन परत. जामखेडला त्यांनी गावोगावच्या, पुष्कळदा निरक्षर, बायकांना आरोग्याचे काम शिकवले, आणि त्या बायकांनी ते करून दाखवले. १९७५ साली एकात्मिक बाल विकास योजना आली, अंगणवाड्या निघाल्या, आणि इमेसीच्या घराण्यातला तो वाढीचा तक्ता आपल्या गल्लीबोळांत पोहोचला.

आता तो मजुरीचा प्रश्न. अंगणवाडी सेविकांच्या संघटनेचे थोडे काम आम्ही केले आहे. मुलांना तोलणारी ही बाई सरकारदरबारी कामगार नाही, ‘मानसेवी’ आहे. तिला वेतन नसते, ‘मानधन’ असते. २०१७ साली आणि पुन्हा २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या सेविकांनी संप केले ते या एका शब्दाच्या पोटातले दारिद्र्य दाखवण्यासाठी. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तेव्हा आम्ही पेढे वाटले. परंतु कामाविषयीही बोलले पाहिजे. आम्ही एका अंगणवाडीत दुपारभर बसलो होतो. बाईने एकोणीस मुले तोलली. प्रत्येक वजन आधी वहीत, मग नोंदवहीत, मग मोबाईलमध्ये. मोबाईल जुना, त्यातली भाषा इंग्रजी, रेंज नाही. याच त्रासाने २०२१ साली राज्यातल्या अनेक सेविकांनी सरकारला मोबाईल परत केले होते. एका मुलाची आई दारात उभी होती. तिने विचारले, ‘‘बाई, वाढलंय का हो?’’ बाई मान वर न करता म्हणाली, ‘‘भरू दे आधी.’’ त्या बाईला आम्ही दोष देत नाही. वरून तिला विचारले जाते ते माहिती भरली का, एवढेच. वजन साहेबाकडे जाते, जिल्ह्याकडे जाते, दिल्लीला जाते. दारातल्या बाईकडे जायचे राहते. इमेसीत कागदाचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला होता.

१९७४ साली बगदादचे डॉक्टर शाकिर आणि मोर्ले यांनी मिळून आणखी एक उपाय प्रसिद्ध केला. तराजूसुद्धा नको. एक ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर या काळात फारसा बदलत नाही. तेव्हा रंगीत खुणांची एक पट्टी दंडाभोवती गुंडाळायची, हिरव्यात आले तर बरे, लालमध्ये आले तर मूल उपाशी आहे. आजही दुष्काळाच्या छावण्यांत ही पट्टी वापरतात. त्याविषयी आम्ही आईला एकदा वाचून दाखवले. ती तेव्हा सत्तरीच्या घरात होती. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, यात नवीन काय? धाकटीच्या हातात काळ्या मण्यांच्या मनगट्या होत्या. गोवरापूर्वी त्या मनगटाला घट्ट बसत, रुतत म्हणून सैल ओवाव्या असे तिच्या मनात होते. नंतर त्या हात वर केला की कोपरापर्यंत सरकू लागल्या, आणि शेवटी दंडापर्यंत. ती रोज बघत होती. आम्ही विचारले, मग दवाखान्यात सांगितले का नाहीस? आई म्हणाली, तिथे मला कोणी काही विचारलेच नाही.